शिरूरला किती रिश्टर, दौंडला किती

टीव्हीवर कुठल्याही भूकंपाची बातमी लागली आणि निवेदिकेनं 'रिश्टर स्केलवर' असं म्हटलं, की आमचे हे पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "बघू नका, मी नाही केलेला." हा आमच्या घरातला जुना विनोद आहे आणि तो शिळा व्हायचं नाव घेत नाही. आमचं लग्न एका भूकंपानं मोडत आलं होतं, आणि तो भूकंप नीट मोजल्यावरच ते जुळलं.

किल्लारी झाली, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. किल्लारीनं सगळ्या महाराष्ट्राची झोप उडवली होती. आमच्या शिरूरकडे घरं पडली नाहीत, पण माणसं अंगणात झोपायला लागली होती. दगडमातीच्या जाड भिंतींकडे जो तो संशयानं बघायचा. रिश्टर हा शब्द तोपर्यंत कुणी ऐकला नव्हता. तो महिन्याभरात हातपंपावरच्या बायकांच्या तोंडी आला.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकून शेती धरली आणि मुलीला शिकवलं. स्थळ आलं ते दौंडचं. तीही माणसं आमच्यासारखीच, मेंढरांमागून येऊन स्थिरावलेली. मुलगा रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या कामावर. वडील लहानपणीच गेलेले. त्याला थोरल्या चुलत्यांनी मोठं केलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणत, आणि आबांचा शब्द त्या घरात शेवटचा.

बघायला आले तेव्हा मुलानं मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही नाही. म्हणाला, "आमचं घर रुळाला लागून आहे. दिवसभर गाड्या धडधडत असतात. तुम्हाला चालेल का?" माझ्या आयुष्यात तोवर मला काही चालेल का, असं फार कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. मला मुलगा आवडला होता, आणि हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

मग सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात सुपारी फोडायला मुलाकडची पुरुष मंडळी येतात. नवरदेव येत नाही, त्याची आईही येत नाही. दोन्हीकडच्या जाणत्यांसमोर सुपारी फुटली की शब्द पक्का झाला. त्यानंतर मागं फिरायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं.

दुपारची वेळ होती. मंडळी सोप्यात सतरंजीवर बसली होती, चहा होत आला होता. आबांनी अडकित्ता मागितला. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या अडकित्त्याकडे होतं. तेवढ्यात बश्या वाजल्या. मला वाटलं, आईचा धक्का लागला. मग वरचे पत्रे कडकडले, दिव्याची वायर डोलायला लागली आणि पायाखालची जमीन कुणीतरी हळूच ओढल्यासारखी झाली.

"भूकंप!" कुणीतरी ओरडलं. एवढे धट्टेकट्टे पाहुणे, पण दारातून बाहेर पडताना एकमेकांच्या पायात पाय अडकले. एक गृहस्थ चहाच्या बशीसकट अंगणात पोचले, आणि बशीतला चहा तसाच. आईनं मला दंडाला धरून मागच्या दारानं काढलं. आम्ही बाहेर येईपर्यंत सगळं थांबलंही होतं. गाय मात्र दावं ताणून उभी होती.

कुणाला काही लागलं नव्हतं. भिंतीला चीरसुद्धा गेली नव्हती. पण सुपारी आबांच्या हातातून सुटून लाकडी कपाटाखाली घरंगळली होती, आणि ती काढायला कुणी वाकलं नाही.

आबा अंगणातच उभे राहिले. धोतराचा सोगा हातात धरून म्हणाले, "आप्पा, आज ऱ्हाऊ द्या. आज न्हाई फोडायची."

माणूस वाईट नव्हता. त्यांचं बालपण मेंढरांबरोबर रानोमाळ गेलं होतं. भुई जिथं नको म्हणते तिथं तळ टाकायचा नाही, हे त्यांनी बापाकडून घेतलं होतं. आणि इथं तर भुई ऐन सुपारीला हलली होती. पण माणूस न्यायाचा. दोष लगेच आमच्या माथी मारायला ते तयार नव्हते. म्हणाले, "भुई तुमच्याकडं जास्ती हलली का आमच्याकडं, ते कळू द्या. शिरूरला किती रिश्टर, दौंडला किती, येईलच की पेपरात. ज्याच्याकडं जास्ती, इशारा त्याला."

तुम्ही हसाल, पण त्या अंगणात कुणीही हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. पावसाळ्यात पेपरात तालुकावार पाऊस यायचाच: शिरूर इतके मिलिमीटर, दौंड इतके. पाऊस तालुक्यावर मोजतात तर भूकंपही तालुक्यावर मोजत असणार. एरवी आमच्याकडे पाऊस जास्त झाला की लोक मिशीला पीळ देतात. या वेळी पहिल्यांदाच दोन्ही तालुक्यांना आपला आकडा कमी यावा असं वाटत होतं.

संध्याकाळी रेडिओभोवती अर्धी आळी जमली. बातम्यांत सांगितलं, कोयनेच्या परिसरात भूकंप, रिश्टर स्केलवर पाच पॉइंट काहीतरी. बस्स. एकच आकडा. शिरूर नाही, दौंड नाही. आप्पा रेडिओकडे बघत राहिले, की हा माणूस पुढचं वाचायचं विसरला की काय. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही तोच एक आकडा. आबा तिकडे तहसील कचेरीत जाऊन आले म्हणे. तिथला कारकून म्हणाला, "आबा, आमच्याकडं पावसाचं माप हाय. भूकंपाचं न्हाई."

मग आबांनी आपल्या परीनं चौकशी केली. भूकंपाच्या वेळी दौंडच्या घरात मुलाची आई एकटीच होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, इथं काहीसुद्धा झालं नाही. चार दिवसांनी एक नातेवाईक निरोप घेऊन आला. सोप्याच्या पायरीवर बसून, आमच्याकडे न बघता म्हणाला, "दौंडला भुई तसूभर हलली न्हाई. वहिनी घरातच व्हत्या. तवा आबा म्हणत्यात..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. त्याचा तो 'तवा' आमच्या सोप्यात तसाच लोंबकळत राहिला.

आईनं डोळ्याला पदर लावला. मला रडू यायच्या आधी राग आला. कोयनेत जमीन हलते, आणि इशारा म्हणे मला! शिवाय ज्या विषयाची मी परीक्षा देणार होते, त्याच विषयात मला नापास केलं होतं, आणि तेही न विचारता.

आमच्या कॉलेजची सहल त्याच वर्षी पुण्याच्या वेधशाळेत जाऊन आली होती. तिथं एका खोलीत गोल फिरणारा ड्रम होता, त्यावर कागद गुंडाळलेला आणि कागदावर एक सुई सावकाश रेघ ओढत होती. आमच्या वर्गातल्या मुलांनी सुई हलते का बघायला तिथंच उड्या मारल्या, आणि तिथल्या साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. काढता काढता त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भूकंपाची मापं दोन. एक रिश्टरचं. सुईनं झेप केवढी घेतली आणि भूकंप किती लांब झाला, यावरून त्याचा मुळातला जोर काढतात. तो आकडा एका भूकंपाला एकच, कुठूनही मोजा. दुसरं माप गावोगावचं. तिथं यंत्र नसतं, माणसांना विचारतात. काय जाणवलं, टांगलेलं काय डोललं, भांडी वाजली का, भिंत तडकली का. त्याच्या बारा पायऱ्या असतात, आणि ती पायरी प्रत्येक गावाची वेगळी.

हे मी आप्पांना स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. "आप्पा, एका घरात मिरचीची फोडणी दिली. मिरच्या किती टाकल्या, ते रिश्टर. घरातली माणसं ठसक्यानं बेजार होतात, शेजारी खोकतो, गल्लीच्या टोकाला नुसती शिंक येते. ते दुसरं माप. मिरच्या कोयनेत पडल्यात. आपल्याला शिंक आली."

आप्पांनी विचार केला. "पर किल्लारीला सहाच्या वर, आन् आपल्याला पाचच्या वर. म्हंजी एका मार्कानंच वाचलो की."

"मार्क नाहीत ते. एक आकडा वर चढला की सुईची झेप दहापट, आणि जोर तीसेक पट."

"येका आकड्याला येवढं?" आप्पा चुलीकडे बघत बसले. मग म्हणाले, "ते खरं आसंल. पर दौंडला शिंक बी आली न्हाई, त्याचं काय करू?"

तिथंच तर माझं घोडं अडलं होतं. आमच्याकडे बश्या वाजाव्यात आणि दौंडला काहीच होऊ नये, हे मला पटत नव्हतं. मी पुस्तक काढलं. त्या बारा पायऱ्यांतल्या तिसरीला चक्क असं दिलं होतं की जवळून जड वाहन गेल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळांना तो भूकंप आहे हे कळतही नाही. मला एकदम त्या मुलाचा प्रश्न आठवला. आमचं घर रुळाला लागून आहे, चालेल का?

"आप्पा, दौंडला जा," मी म्हटलं.

मुलीच्या बापानं आपण होऊन जायचं, म्हणजे सोपं नव्हतं. आप्पांनी आधी नाही म्हटलं, मग शर्ट धुवायला टाकला. मी त्यांना बजावून सांगितलं, "भूकंप झाला का, असं विचारायचं नाही. त्या दुपारी भांडी वाजली का, एवढंच विचारायचं."

"मी सोयरीक बघाया चाललोय का भांडी इकत घ्याया?" आप्पा म्हणाले, आणि न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले. चौफुल्याला गाडी बदलून दुपारपर्यंत दौंडला पोचले.

पुढचं मी बघितलेलं नाही. पण आप्पांनी ते आयुष्यभर इतक्या वेळा आणि इतक्या रंगात सांगितलं, की मी तिथं होते असंच मला वाटतं. आबा बाजेवर बसलेले. मुलाची आई चहा घेऊन आली. मुलगा नुकताच ड्युटीवरून येऊन नळावर हात धूत होता. आप्पांनी चहा घेतला, पीकपाण्याचं बोलले आणि घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, त्या दुपारी तुमची भांडी वाजली का वं?"

"वाजली की," ती म्हणाली. "फळीवरचे डबेसुदिक वाजले. रोजच वाजत्यात, त्यात काय? मालगाडी गेली व्हती."

नळावरून मुलगा म्हणाला, "कुठली मालगाडी, आये?"

"आता मला काय गाडीचा नंबर ठावं आसतो व्हय?"

"आगं, त्या दुपारी ब्लॉक व्हता. मीच पाटसकडं रुळावर कामाला व्हतो. दुपारभर येक डबा हलला न्हाई ह्या लायनीवर."

चहाची बशी हातात धरून ती बाई फळीवरच्या डब्यांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मंग माझी भांडी वाजिवली कुणी?"

आणि इतक्या दिवसांनी, जमीन स्वस्थ असताना, ती भिऊन अंगणात पळाली. "आगं बया! म्हंजी भूकंपात मी पापड लाटत बसले व्हते व्हय!" बाहेरून तिचा आवाज येत होता. मुलगा टॉवेल तोंडाला लावून हसत होता.

नंतर मी यांना विचारलं, की ब्लॉक होता हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं? तर म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. रुळावर घाव घालताना मला स्वतःला काही जाणवलं नव्हतं, आणि मालगाडीची गोष्ट मी त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकली. आमच्या लग्नाची बोलणी नवऱ्यामुलाला वगळून कशी चालली होती, त्याचा याहून चांगला पुरावा नाही.

आबांनी मात्र आपला मुद्दा सोडला नव्हता. "हलली, मान्य. पर जास्ती कुठं हलली?"

तेव्हा आप्पांनी माझी मिरचीची फोडणी त्यांना ऐकवली. दोन्ही घरं फोडणीपासून लांब, शिरूरला बश्या वाजल्या, दौंडला डबे वाजले, पडलं-झडलं कुठंच काही नाही. "पोरगी म्हणती, दोनी घरांची पायरी येकच."

आबांनी बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "येकाच टायमाला?"

"येकाच."

"मंग इशारा कुणा येकाला न्हाई," आबा म्हणाले. "दोनी घरास्नी संगंच हलिवलंय. आता ती संगंच ऱ्हावीत." त्यांनी आप्पांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सुपारी पुढच्या आठवड्यात फुटली. आईनं कपाटाखालून तीच काढून ठेवली होती, दुसरी आणू दिली नाही. आबांनी ती फोडताना दिव्याच्या वायरकडे एकदा बघून घेतलं, हे मी दाराआडून पाहिलं.

लग्न होऊन दौंडला आले, तर पहिले काही महिने मी प्रत्येक गाडीला दचकायची. तांब्यातलं पाणी थरथरायचं. खिडकीची काच बोलायची. सासूबाई मला बघून म्हणायच्या, "आमचा भूकंप उठला का?" हे माझं त्या घरातलं नाव पडलं होतं. चेष्टाच होती, पण पहिल्या वर्षी ती मला लागायची. मला वाटायचं, यांच्या मनात मी अजून तीच आहे, ऐन सुपारीला जमीन हलवणारी. मी स्वयंपाक चांगला केला तरी त्या 'बरा झालाय' म्हणायच्या आणि वाईट केला तरी 'बरा झालाय' म्हणायच्या. त्यांच्या मनात माझी पायरी कितवी, हे मला काही केल्या मोजता येईना.

दिवस मात्र मजेत जात होते, हे कबूल करायला हवं. हे ड्युटीवरून आले की आम्ही दोघं ओट्यावर चहा प्यायचो. मुलगी झाली. तिला गाडी गेल्याशिवाय झोपच यायची नाही. मी शिरूरला माहेरी जायची, तर तिथल्या शांततेत मलाच झोप लागायची नाही. भांडी वाजायची, आणि मला ती वाजलेली कळायचीही बंद झाली.

एक गोष्ट मात्र माझ्या हळूहळू लक्षात आली. सासूबाई बदलल्या होत्या. त्या पापडाच्या दुपारची धास्ती त्यांच्या मनातून गेलीच नव्हती. डबे वाजले की त्यांचं लाटणं क्षणभर थांबायचं. त्या कान देऊन भोंगा ऐकायच्या, चाकांचा ठेका ऐकायच्या, मगच लाटणं पुढं चालायचं. ही तपासणी दिवसातून कितीदा व्हायची, देव जाणे. मी हसायची. हे म्हणायचे, "रेल्वेनं आईला पगार द्यायला पाहिजे."

मग दोन हजार एकची सव्वीस जानेवारी आली. हे ड्युटीवर होते. मुलगी शाळेत झेंडावंदनाला, मैदानात. मी स्वयंपाकघरात शिरा हलवत होते, ती खाऊसाठी पळत येणार म्हणून. फळीवरचे डबे वाजले. मी मानसुद्धा वर केली नाही. मालगाडी, दुसरं काय.

"आगं, भोंगा कुठाय?" सासूबाईंचा आवाज बाहेरच्या खोलीतून आला. मी उलथनं फिरवत राहिले. "गाडी न्हाई ही! बाहीर हो!"

मी "अहो, असेल मालगाडी" म्हणत होते तोवर त्या आत आल्या होत्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या दारातून बाहेर जायच्या ऐवजी आत आल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला उलथन्यासकट फरफटत अंगणात आणलं. बाहेर विजेच्या तारा झुलत होत्या. रूळ दोन्ही बाजूंना लांबवर मोकळे होते. आमच्या ओळीतलं दुसरं कुणीही घराबाहेर आलं नव्हतं. सगळ्यांना मालगाडीच वाटली असणार. सासूबाई धापा टाकत होत्या आणि मनगट काही सोडत नव्हत्या.

शिरा करपला, एवढंच आमचं नुकसान. मग टीव्हीवर गुजरात दिसायला लागलं. भुजकडची ती ढिगाऱ्यांची गावं दिसली. आकडे येत होते, कुणी सातच्या आत सांगत होतं, कुणी सातच्या पुढं. मला त्या एका आकड्याचा अर्थ माहीत होता, म्हणून मला ते ऐकवत नव्हतं. सासूबाईंनी दिवसभर टीव्ही बंद करू दिला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तिथल्या बायकांना बी वाटलं आसंल का गं, गाडी चाललीया म्हणून?"

मी त्यांच्या जवळ सरकून बसले. त्या दिवशी मला कळलं, की ही बाई माझी आहे, आणि बहुतेक फार आधीपासूनच असावी.

संध्याकाळी हात धुताना बांगड्या मागं सारल्या, तर मनगटावर त्यांची बोटं उमटलेली होती. दोन बांगड्या पिचकल्याही होत्या. मी ते कुणाला दाखवलं नाही. बांगड्या पुन्हा पुढं ओढल्या आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. तेवढ्यात डबे वाजले. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "गाडी हाय गं, भिऊ नगं."